पीएचडी नेमकी कधी संपते? परदेशात शिकल्यानंतर काम करण्याच्या हक्काबद्दल

परदेशात पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरलं की आपण गाइड कोण आहे, त्यांचे अलीकडचे पेपर कोणते, फंडिंग किती वर्षांचं आहे, शहर किती महाग आहे हे सगळं बघतो. त्याच यादीत शेवटी कुठेतरी एक प्रश्न असतो: शिकून झाल्यावर तिथे किती वर्षं काम करता येतं? त्याची उत्तरंही ठरलेली असतात. अमेरिकेत तीन वर्षं, ब्रिटनमध्ये तीन वर्षं, जर्मनीत दीड वर्ष. घरच्यांना सांगायला हे आकडे पुरतात, पण निर्णय घ्यायला पुरत नाहीत.

कारण या आकड्यांमागे एक घड्याळ आहे. ते कधी सुरू होतं, त्यात काय मोजलं जातं आणि ते थांबल्यावर पुढचं दार कोणतं, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला यातला पहिला प्रश्न फारसा छळत नाही, कारण त्याच्या अभ्यासक्रमाची शेवटची तारीख छापील असते. पीएचडीचं तसं नाही. प्रबंध जमा केला तो दिवस, डिफेन्स झाला तो दिवस, दुरुस्त्या मंजूर झाल्या तो दिवस, निकालाचं पत्र आलं तो दिवस आणि पदवीदान समारंभ, या पाच तारखांमध्ये सहज सहा-आठ महिन्यांचं अंतर पडतं. तुमच्या मते तुमची पीएचडी यातल्या कोणत्या दिवशी संपली याला महत्त्व नाही. त्या देशाचा कायदा कोणता दिवस धरतो, याला आहे.

या लेखात तीन देश घेऊया. अमेरिका जरा सविस्तर, कारण तिथले नियम सर्वांत गुंतागुंतीचे आहेत आणि आपल्याकडची मुलं तिथे खूप आहेत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यातले ९७ हजारांहून जास्त शिक्षणानंतरच्या ओपीटीवर होते. मग ब्रिटन आणि जर्मनी.

अमेरिका: मोजले जातात ते बेकारीचे दिवस

एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर 'ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग', म्हणजे ओपीटी मिळते. बारा महिने. मास्टर्सनंतर एकदा वापरली असली तरी पीएचडी ही वरची पायरी असल्यामुळे नव्याने बारा महिने मिळतात. अर्ज करताना हातात नोकरी असण्याची अट नाही, पण जी नोकरी कराल ती तुमच्या विषयाशी थेट संबंधित हवी. पीएचडी रसायनशास्त्रात आणि काम हॉटेल व्यवस्थापनात, असं चालत नाही.

तुमच्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रम संपण्याची तारीख असते. ओपीटीचा अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ते ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. आधी विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी, सरकारी प्रणालीत शिफारस नोंदवतो. ती नोंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तुमचा अर्ज इमिग्रेशन खात्यात पोहोचायला हवा. काम कधीपासून सुरू करायचं ती तारीख तुम्हीच निवडता, फक्त ती अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या ६० दिवसांतली असावी लागते. कार्ड हातात आल्याशिवाय आणि त्यावरची तारीख उजाडल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही.

आता खरी मेख. ओपीटीच्या बारा महिन्यांत तुम्ही एकूण ९० दिवसच नोकरीशिवाय राहू शकता. शनिवार, रविवार, नाताळ, सगळे दिवस यात मोजतात. आणि मोजणी तुम्ही निवडलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या आय-२०वर १५ मे ही तारीख आहे. म्हणजे अर्जाची खिडकी साधारण १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. नोकरी अजून ठरलेली नाही. तुम्ही उत्साहाने १६ मे ही सुरुवातीची तारीख टाकलीत, तर ९० दिवस १३ ऑगस्टला संपतात. तीच तारीख १४ जुलै टाकलीत, तर ते ११ ऑक्टोबरला संपतात. विद्यार्थी तोच, पदवी तीच, फॉर्मही तोच. फक्त एका रकान्यातल्या तारखेमुळे नोकरी शोधायला जवळपास दोन महिने जास्त मिळाले. अर्थात नोकरी आधीच पक्की असेल तर उशिराची तारीख टाकण्यात काहीच फायदा नाही, उलट पगाराचं नुकसान.

मग अर्जच आरामात केला तर? तेही नाही. ओपीटीचं सगळं काम अभ्यासक्रम संपल्यापासून १४ महिन्यांच्या आत बसवावं लागतं. कार्ड यायला जितका उशीर, तितके दिवस तुमच्या बारा महिन्यांतून वजा होण्याचा धोका.

पीएचडीवाल्यांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे. ज्यांचं कोर्सवर्क पूर्ण झालंय आणि फक्त प्रबंध बाकी आहे, त्यांना प्रबंध पूर्ण होण्याआधीही ओपीटी सुरू करता येते. ऐकायला छान वाटतं. कंपनीची ऑफर आली आहे, जॉइन व्हा आणि रात्री प्रबंध लिहा. पण बारा महिन्यांचं घड्याळ तेव्हाच सुरू होतं आणि नोकरी करत प्रबंध पूर्ण करणं किती रेंगाळतं हे कुठल्याही विभागातल्या सीनियरला विचारा. हा पर्याय वापरण्याआधी गाइड आणि डीएसओ दोघांशीही बोला, कारण एकाला फक्त प्रबंध दिसतो आणि दुसऱ्याला फक्त तारखा.

स्टेम की नाही, हे कोड ठरवतो

तीन वर्षं हा आकडा येतो तो स्टेम एक्स्टेंशनमुळे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांतल्या पदवीला बारा महिन्यांनंतर आणखी २४ महिने मिळतात. ही वाढ २००८ साली १७ महिन्यांची होती, २०१६ पासून ती २४ झाली. त्यासाठी अटी वाढतात. काम पगारी हवं, आठवड्याला किमान २० तास हवं, कंपनी किंवा संस्था 'ई-व्हेरिफाय' या सरकारी प्रणालीत नोंदलेली हवी आणि आय-९८३ नावाचा प्रशिक्षण आराखडा तुम्ही आणि नोकरी देणाऱ्याने मिळून भरायचा असतो. बेकारीच्या दिवसांची मर्यादा दोन्ही मिळून १५० होते.

पण तुमचा विषय स्टेम आहे की नाही हे विषयाच्या नावावरून ठरत नाही. आय-२०वर अभ्यासक्रमाचा एक कोड असतो, तो सरकारी यादीत आहे का हे बघतात. अर्थशास्त्राचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 'सर्वसाधारण अर्थशास्त्र' असा कोड असेल तर स्टेम नाही. 'इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र' असा असेल तर स्टेम आहे. वर्गात शिकवतात ते बऱ्याच ठिकाणी सारखंच, पण एकाला बारा महिने आणि दुसऱ्याला छत्तीस. म्हणून ऑफर आल्यावर विभागाला एक ओळीचा ईमेल पाठवा: तुमच्या पीएचडीचा सीआयपी कोड कोणता? सामाजिक शास्त्रं, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, आर्किटेक्चर या बाजूने जाणाऱ्यांनी तर हे नक्की विचारावं.

त्यानंतर काय? पोस्टडॉक आणि कंपनी यांचे रस्ते वेगळे

ओपीटीनंतर साधारणपणे एच-१बी लागतो. कंपन्यांसाठी वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून खूप जास्त येतात, म्हणून निवड करावी लागते. मात्र विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था या मर्यादेच्या बाहेर आहेत. म्हणजे विद्यापीठात पोस्टडॉक मिळाली तर त्या निवडीत नंबर लागण्याची वाट बघावी लागत नाही आणि अर्ज वर्षभरात कधीही करता येतो.

संशोधनात राहू इच्छिणाऱ्यांना ही मोठी सोय आहे, पण ती त्या नोकरीपुरती आहे. पुढे विद्यापीठ सोडून कंपनीत जायचं झालं तर मर्यादेची रांग तेव्हा लावावीच लागते. त्यामुळे 'दोन वर्षं पोस्टडॉक करू, मग इंडस्ट्रीत जाऊ' असा विचार असेल, तर एच-१बी विद्यापीठाकडून घ्यायचा की पोस्टडॉक स्टेम ओपीटीवर करायची, हा हिशोब आधी मांडा. दुसरा पर्याय हवा असेल तर ते विद्यापीठ ई-व्हेरिफायमध्ये आहे का हेही बघावं लागेल.

आणि तुम्ही एफ-१ऐवजी जे-१ व्हिसावर जाणार असाल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर, तर वरचं ओपीटीचं गणित तुम्हाला लागू नाही. जे-१वर 'अकॅडेमिक ट्रेनिंग' असतं, ज्यात पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी जास्तीत जास्त ३६ महिने मिळू शकतात. पण सरकारी पैशावर गेलेल्यांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते आणि ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. शिष्यवृत्ती कुठलीही असो, सही करण्याआधी परतण्याची अट वाचा.

ब्रिटन: बेकारीची मोजणी नाही, पण अर्जाची वेळ अवघड

ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा समजायला सोपा आहे. पीएचडीनंतर तीन वर्षं. नोकरी देणाऱ्याची स्पॉन्सरशिप नको, पगाराची अट नाही, विषयाशी संबंध हवा असं बंधन नाही, बेकारीचे दिवस कोणी मोजत नाही. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच मिळणार आहे, पीएचडीची तीन वर्षं मात्र तशीच ठेवली आहेत.

अडचण आहे ती अर्ज कधी करता येतो यात. तुम्ही अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला असं विद्यापीठाने होम ऑफिसला कळवल्यानंतरच अर्ज करता येतो. आणि तो विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत, ब्रिटनमध्ये राहूनच करावा लागतो. पीएचडीत प्रबंध जमा केल्यानंतर व्हायवा होते, मग दुरुस्त्या. परीक्षकांनी मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या तर कित्येक महिने जातात. तेवढ्यात विद्यार्थी व्हिसा संपत आला, तर तीन वर्षांचा हक्क दारात येऊन अडकतो. प्रबंध जमा करून 'व्हायवापर्यंत घरी जाऊन येतो' म्हणणाऱ्यांनी तर व्हिसाची तारीख दोनदा बघावी.

खर्चही धरा. अर्जाच्या शुल्काशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तीन वर्षांचे ३,१०५ पौंड एकदम भरावे लागतात. हे पैसे तुम्हाला लागतात ते नेमके स्टायपेंड थांबलेल्या महिन्यांत. शेवटच्या वर्षात थोडे थोडे बाजूला टाकत राहणं बरं.

हा व्हिसा एकदाच मिळतो, वाढवून मिळत नाही. स्किल्ड वर्कर मार्गाने कायम वास्तव्यासाठी जी वर्षं मोजतात, त्यातही ही वर्षं येत नाहीत. म्हणून तीन वर्षं पूर्ण वापरणं हे नेहमी फायद्याचं नसतं. स्पॉन्सर करणारी नोकरी मिळत असेल तर लवकर स्किल्ड वर्करवर जाणं परवडू शकतं. पीएचडीवाल्यांना तर अभ्यासाचे २४ महिने झाल्यावर, पदवी हातात येण्याआधीच, तिकडे वळता येतं. जुलै २०२५ पासून त्यासाठी सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, पण नवख्यांसाठी आणि संबंधित स्टेम पीएचडी असलेल्यांसाठी ती ३३,४०० पौंडांपर्यंत खाली येते.

जर्मनी: तुम्ही विद्यार्थी आहात की संशोधक?

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा वास्तव्य परवाना मिळतो. या काळात कुठलंही काम करता येतं, अगदी कॅफेतलंसुद्धा, म्हणजे भाडं निघतं. पोट भरण्याची सोय आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. मुदत वाढवून मिळत नाही. घड्याळ सुरू होतं ते निकाल लेखी कळतो तेव्हा, समारंभाच्या दिवशी नाही.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, जी पीएचडीवाल्यांच्याच वाट्याला येते. जर्मनीत पीएचडी करणारे अनेक जण विद्यापीठाचे किंवा संशोधन संस्थेचे कर्मचारी असतात. त्यामुळे काहींचा परवाना विद्यार्थी म्हणून असतो आणि काहींचा संशोधक म्हणून, कायद्याच्या कलम १८डीखाली. शिक्षण पूर्ण केल्यानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. संशोधकाचा परवाना संपल्यानंतर कायदा देतो ते ९ महिने. एकाच लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या दोघांच्या परवान्यावर वेगवेगळी कलमं असू शकतात. तुमच्या कार्डावर कोणतं कलम छापलंय ते बघा. आणि तुमच्या बाबतीत किती महिने व कोणता दिवस धरणार, हे शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. जर्मनीत प्रबंध प्रकाशित केल्याशिवाय नावाआधी डॉक्टर लावता येत नाही, त्यामुळे 'संपलं' या शब्दाचे तिथेही दोन-तीन अर्थ होतात.

जर्मनीची जमेची बाजू म्हणजे पुढचं दार. तिथल्या विद्यापीठाची पदवी असेल आणि तुम्ही पदवीला साजेशी नोकरी करत असाल, तर दोन वर्षांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. अटी म्हणजे २४ महिने पेन्शन फंडात भरणा आणि बी१ पातळीची जर्मन. लॅबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं म्हणून चार वर्षं भाषा टाळणाऱ्यांना शेवटी हीच अट नडते. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात ए१ करून गेलेल्यांनी तिथे गेल्यावर ते सोडू नये.

जोडीदाराचं काय?

पीएचडी चार-सहा वर्षांची असते, मध्ये लग्नं होतात. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करता येत नाही आणि तुम्ही ओपीटीवर असतानाही तेच. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, पण पीएचडीवाल्यांना येतं आणि जोडीदाराला कामही करता येतं. जर्मनीतही कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला काम करता येतं. घरातल्या दुसऱ्या माणसाचं करिअर किती वर्षं थांबणार, हा प्रश्न 'किती वर्षं काम करता येतं' याच प्रश्नाचा भाग आहे. तो दोघांनी मिळून आधीच बोलायला हवा.

आज वाचलेला नियम तुम्हाला लागेलच असं नाही

पीएचडी लांब असल्याचा हा आणखी एक परिणाम. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याचा जुना मार्ग एप्रिल २०१२ मध्ये बंद केला आणि ग्रॅज्युएट व्हिसा १ जुलै २०२१ ला सुरू केला. म्हणजे २००९ मध्ये तो मार्ग बघून पीएचडीला गेलेल्याला संपवताना तो मिळाला नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेर असलेल्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम संपेपर्यंत राहू देण्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरलेली मुदत द्यावी असा प्रस्तावही आला. पीएचडी चार वर्षांत क्वचितच होते.

म्हणून देश निवडताना फक्त या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. पदवीनंतरचा हक्क हे विद्यापीठाने दिलेलं वचन नाही, तो त्या सरकारचा त्या वेळचा नियम आहे. कर्ज काढून जात असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा. परत यावं लागलं तरी विषय, गाइड आणि प्रबंध यांच्या जोरावर आयसर, टीआयएफआर, आयआयटी किंवा इथल्या कंपन्यांत उभं राहता येईल का, हे बघून निवडलेली पीएचडी कुठल्याही नियमबदलात टिकते.

मग करायचं काय?

ऑफर आल्यावर इंटरनॅशनल ऑफिसला हे प्रश्न पाठवा:

१. माझा परवाना किंवा व्हिसा नेमका कोणत्या प्रकारचा असेल?
२. पीएचडी 'पूर्ण' झाली असं तुम्ही सरकारला कोणत्या टप्प्यावर कळवता?
३. मुदतीत प्रबंध झाला नाही तर मुदतवाढ कशी मिळते, आणि त्या काळात फंडिंग असतं का?
४. अमेरिकेसाठी, अभ्यासक्रमाचा कोड कोणता?

मग शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, अपेक्षित डिफेन्सच्या साधारण बारा महिने आधी, गाइडसोबत बसून तारखा मागे मोजत या. व्हिसा कधी संपतो, अर्जाची खिडकी कधी उघडते, त्यासाठी डिफेन्स कधी व्हायला हवा, त्यासाठी पहिला पूर्ण मसुदा कधी हवा. बहुतेक गाइड 'अजून एक प्रयोग करू, सेमिस्टर वाढवू' असं सहज म्हणतात आणि त्यात त्यांचं काही बिघडत नाही. तुमचं काय बिघडतं हे त्यांना आकड्यांत दाखवायला तुमच्याकडे तारखांचा कागद असला पाहिजे. त्यांना तुमचा व्हिसा माहीत असेलच असं धरून चालू नका.

या लेखाला कायदेशीर सल्ला समजू नका. प्रत्यक्ष अर्ज करताना त्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावर बघा आणि डीएसओ किंवा इंटरनॅशनल ऑफिसचं उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सीनियर कितीही प्रेमाने सांगत असला, तरी तो सांगतो तो त्याच्या वर्षीचा नियम असतो.